‘पऱ्हे’ या शब्दाची गोष्ट

मौद्याच्या आसपासच्या गावांत धानाच्या कोवळ्या रोपांना ‘पऱ्हे’ म्हणतात. पाऊस लागला की पऱ्हे टाकायचे, ते वीतभर झाले की उपटून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत नेऊन रोवायचे. या कामाला रोवणी म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला हे शब्द परके वाटतील. आमच्या आजीला मात्र ‘रोपे’ हाच शब्द परका वाटतो.

या एका शब्दापायी मागच्या वर्षी माझी जिवाभावाची मैत्री मोडली. आणि त्याच शब्दाच्या मागे लागल्यामुळे संगणकाच्या पोटात काय चालते याची थोडीफार ओळख माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थिनीला झाली. ती ओळख आपणा सर्वांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच. जाणकारांना काही उणे आढळल्यास त्यांनी ते सांभाळून घ्यावे, ही विनंती.

त्याचे असे झाले. प्रथम वर्षाला असताना मराठीच्या मॅडमनी आम्हांला परिसरातील बोलीचे शब्द गोळा करण्याचा प्रकल्प दिला. मी आजीच्या मागे लागले. ती शेणगोळा करीत असो की तांदूळ निवडीत असो, मी वही घेऊन समोर हजर! पऱ्हे, पऱ्हाटी, बांधी, बोडी, रोवणी, सांबार असे करता करता ४१२ शब्द जमले. (सांबार म्हणजे दक्षिणेकडची आमटी नव्हे, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) आजीला लिहिता-वाचता येत नाही. आपले शब्द छापून येणार याचा तिला इतका आनंद, की शेजारणींना ती सांगत सुटली, “माह्या नातीनं माहे बोल कॉम्पुटरात भरले वं!”

ते शब्द मी कॉलेजच्या संगणक-कक्षात बसून टाइप केले. एकूण ४१ पाने झाली. शेवटी अकारविल्हे सूची आणि प्रत्येक शब्दापुढे त्याचा पृष्ठक्रमांक. सोमवारी प्रकल्प द्यायचा होता. शनिवारी दुपारी मी फाइल उघडली आणि माझ्या पोटात धस्स झाले. ‘पऱ्हे’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा लिहितो, तो नाहीसा झाला होता. त्याच्या जागी टिंबासह पुरता ‘ऱ’, त्याचा पाय मोडलेला, आणि ‘हे’ बाजूला तुटून पडलेला. ‘पऱ्हाटी’ची तीच गत. अक्षरांचे अंतर बदलल्यामुळे ४१ पानांची ४६ पाने झाली होती आणि सूचीतला एकही आकडा जुळत नव्हता.

चौकशी करता कळले, की माझ्या मैत्रिणीने आदल्या दिवशी त्याच यंत्रावर स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी चित्रे काढण्याचा एक कार्यक्रम बाहेरून उतरवून घेतला होता. यंत्राने तिला इंग्रजीत भली मोठी यादी दाखवून ‘हे काढू का? ते बदलू का?’ असे विचारले होते. तिने ‘होय’ दाबले. आपण सगळेच दाबतो! त्या एका ‘होय’ने माझा टाइप करण्याचा कार्यक्रम गेला, त्याच्या जागी दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत फाँटही बदलला.

मी भर वर्गात तिला म्हणाले, “माझ्या आजीचे शब्द तू मातीत घातलेस.” ती काही बोलली नाही. दप्तर उचलले आणि निघून गेली. त्यानंतर तीन महिने आम्ही एकाच थांब्यावरून एकाच एस.टी.त चढत होतो आणि वेगवेगळ्या बाकांवर बसत होतो. मॅडमनी आठवडाभराची मुदत दिली. मी शाईच्या पेनाने छापील पानांवर एकेक ‘ऱ्ह’ दुरुस्त केला, सूचीतले आकडे खोडून नवे घातले आणि प्रकल्प दिला. गुण मिळाले, मैत्रीण गेली.

दिवाळीत माझा मामेभाऊ नागपूरहून आला. तो तंत्रनिकेतनात शिकतो. मी त्याला सारी हकिकत सांगितली. मला वाटले होते, तोही मैत्रिणीला नावे ठेवील. पण तो म्हणाला, “चूक तिची नाही. चूक फळीची आहे.”

“कुठली फळी?” मी विचारले.

मग त्याने जे सांगितले ते माझ्या भाषेत सांगते. संगणकावरचा कोणताही कार्यक्रम एकटा उभा नसतो. टाइप करण्याचा कार्यक्रम घ्या. अक्षरे जोडून जोडाक्षर करण्याचे काम तो स्वतः करीत नाही. त्यासाठी वेगळे साहाय्यक असतात. हार्फबझ हे अशाच एका साहाय्यकाचे नाव. फाँट शोधण्याचे काम आणखी कोणी करतो, चित्र पडद्यावर उमटवण्याचे आणखी कोणी. या साहाय्यकांना ‘लायब्ररी’ म्हणतात. नेहमीच्या व्यवस्थेत त्या सर्व एकाच सामायिक फळीवर ठेवलेल्या असतात आणि एका नावाची बहुधा एकच आवृत्ती तिथे मावते. नवी आली की जुनी जाते. एकत्र कुटुंबात तिखटाचा एकच डबा असावा, थोरल्या काकूने त्यात जहाल तिखट आणून भरावे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच भाज्या जाळ व्हाव्यात, तसे हे. काकूने काही पाप केलेले नसते. तिने फक्त आपल्या भाजीपुरता विचार केलेला असतो!

हे डबे आणण्या-काढण्याचा कारभार पाहणाऱ्या कार्यक्रमाला ‘पॅकेज व्यवस्थापक’ म्हणतात. तो बिचारा सावधगिरी बाळगतो. म्हणूनच त्याने मैत्रिणीला यादी दाखवली होती. पण फळी एकच असल्यामुळे ‘हे हवे तर ते सोडा’ याखेरीज तो दुसरे काय सांगणार?

यावर तोड म्हणून नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी एक निराळा मार्ग काढला. २००६ मध्ये त्यांनी त्यावर आपला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्यांच्या व्यवस्थापकाचे नाव निक्स. पुढे त्याच कल्पनेवर लुडोविक कोर्टेस यांनी २०१२ मध्ये ‘गिक्स’ हा प्रकल्प ग्नू परिवारात सुरू केला, त्याची १.० ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. ग्नू म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. ‘मुक्त’ म्हणजे नुसते फुकट नव्हे. कार्यक्रम कशासाठीही चालवावा, त्याचे मूळ लिखाण वाचून बदलावे, प्रती वाटाव्यात आणि बदललेल्या प्रतीही वाटाव्यात, ही चार स्वातंत्र्ये ज्यात आहेत ते मुक्त सॉफ्टवेअर. दादाने आपल्या जुन्या लॅपटॉपवर, आधीच असलेल्या लिनक्सच्या अंगावर, गिक्स बसवून घेतले होते. तो लॅपटॉप त्याने सुटीभर माझ्या हवाली केला.

या मार्गाला ‘फलनात्मक’ पॅकेज व्यवस्थापन म्हणतात. फलन हा गणितातला शब्द ऐकताच माझ्या अंगावर काटा आला. पण दादा म्हणाला, “तू संधी शिकलीस ना? विद्या अधिक आलय?”

“विद्यालय,” मी म्हणाले.

“मौद्यात?”

“मौद्यातही विद्यालय आणि मुंबईतही विद्यालयच.”

“आज आणि शंभर वर्षांनी?”

“विद्यालयच.”

“झाले! हेच फलन.”

मित्रहो, खरोखर इतकेच आहे. आत जे घातले त्यावरच बाहेर काय येईल हे ठरते. वेळ, जागा, बोलणाऱ्याची लहर, यांचा त्यात काडीचा संबंध नाही. उलट आईची भाजी पाहा. ती ‘अंदाजाने’ मीठ घालते, चुलीच्या आचेवरही चव अवलंबून असते. म्हणून तीच भाजी मावशीच्या घरी तशी होत नाही. आजवर संगणकावर कार्यक्रम बसवणे हे भाजीसारखे चालले होते. डोल्स्ट्रांचे म्हणणे असे, की ते संधीसारखे व्हावे.

आता हे साधते कसे? गिक्समध्ये प्रत्येक कार्यक्रमाची एक पाककृती असते. ती स्कीम या संगणकीय भाषेच्या गाइल नावाच्या अवतारात लिहितात. मूळ लिखाण कुठून आणायचे, त्याची ओळखखूण काय, बांधताना कोणकोणते साहाय्यक लागतील आणि बांधायचे कसे, हे सारे तीत उघड असते. मग बांधणी एका बंद खोलीत होते. त्या खोलीत पाककृतीत लिहिलेल्या वस्तूंखेरीज काहीही दिसत नाही. आंतरजालही नाही. शेजारच्या फळीवरचा डबा चुकून उचलण्याची सोयच ठेवलेली नाही! एखादी वस्तू लिहायची राहिली तर बांधणी फसते आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

तयार झालेली वस्तू सामायिक फळीवर न जाता ‘स्टोअर’मध्ये जाते. मी त्याला कोठार म्हणते. कोठारातल्या प्रत्येक वस्तूच्या नावाआधी ३२ अक्षर-अंकांची एक खूण असते. तिला ‘हॅश’ म्हणतात. ही खूण मनाने दिलेली नसते. मूळ लिखाण, बांधण्याची कृती आणि सर्व साहाय्यक यांवरून ती गणिताने काढलेली असते. आणि त्या साहाय्यकांच्या खुणा त्यांच्या साहाय्यकांवरून. यांत कुठेही कण बदलला की खूण बदलते, म्हणजेच वस्तू निराळी ठरते आणि निराळ्या जागी बसते. जुनीला धक्का लागत नाही. हार्फबझच्या दोन आवृत्त्या हव्या असतील तर दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात. माझा कार्यक्रम आपल्या खुणेची उचलतो, मैत्रिणीचा आपल्या खुणेची. कोठारात एकदा ठेवलेली वस्तू पुन्हा बदलत नाहीत; वापरणाऱ्याला तिथे फक्त वाचण्याची मुभा असते.

मग मला जे हवे ते मला दिसते कसे? त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःचा ‘प्रोफाइल’ असतो. ती केवळ कोठारातल्या वस्तूंकडे बोट दाखवणारी यादी. काही नवे घेतले किंवा काढले की यादीची नवी ‘पिढी’ तयार होते: पहिली, दुसरी, तिसरी. जुनी यादी तशीच राहते.

हे ऐकताना मला आमचा सातबारा आठवला. जमीन आजोबांच्या नावावरून बाबांच्या नावावर आली तेव्हा आजोबांचे नाव कोणी खरवडून काढले नाही. गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद झाली, तिला क्रमांक पडला. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस झाला आणि नवे नाव आले. म्हणून कोणती जमीन कधी, कोणाकडून, कोणाकडे आली हे मागे मागे जाऊन वाचता येते. गिक्सची पिढी म्हणजे फेरफारच! फरक एवढाच, की इथे मागच्या नोंदीवर परतायला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. एक आज्ञा दिली की कालची यादी पुन्हा चालू. कारण बदलायचे असते ते फक्त एक बोट: ते पाचव्या पिढीकडे होते, ते चौथीकडे वळवायचे.

याची प्रचीती मला दुसऱ्याच रात्री आली. मी टाइप करण्याच्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती घेत होते. मोबाइलवरून जोडणी घेतलेली, लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि ऐन मध्यावर लाईट गेली. मी डोक्याला हात लावला. अर्धवट काम झाले, आता सगळेच बिघडले असणार! लाईट आल्यावर भीतभीत यंत्र चालू केले, तर कालचा कार्यक्रम कालच्यासारखाच उघडला. नवे सामान कोठारात पूर्ण आल्याखेरीज बोट वळतच नाही. ते वळते तेव्हा एका क्षणात वळते. एक तर जुने, नाही तर नवे. मधली अर्धीमुर्धी अवस्था वापरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

आता मूळ मुद्दा: ‘पऱ्हे’ पुन्हा नीट दिसला का? इथे मला दोन धडे मिळाले आणि दोन्ही माझे नाक खाली करणारे होते.

पहिला धडा असा. मी दादाला म्हणाले, “कक्षातल्या यंत्रावर शुक्रवारच्या आधी जे होते ते मला परत आणून दे.” तो म्हणाला, “आणतो. काय काय होते, कुठल्या आवृत्त्या होत्या, सांग.” मला काय ठाऊक? कोणालाच ठाऊक नव्हते. गिक्समध्ये ‘टाइम-मशीन’ नावाची सोय आहे. पाककृतींचा सगळा संग्रह अमुक दिवशी ज्या स्थितीत होता त्या स्थितीची खूण एका छोट्या फाइलीत लिहून ठेवली, की पुढे कधीही, दुसऱ्या यंत्रावरसुद्धा, तेच कार्यक्रम त्याच साहाय्यकांसह उभे करता येतात. मूळ लिखाण इंटरनेटवरून नाहीसे झाले असेल तर ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ या, इन्रिया या फ्रेंच संशोधनसंस्थेने २०१६ मध्ये खुल्या केलेल्या संग्रहात ते शोधले जाते. पण नोंदच नसेल तर? फेरफारच झाला नसेल तर सातबारा काय दाखवणार! जे लिहून ठेवले नव्हते ते गेले ते गेलेच.

दुसरा धडा याहून कडू. दादाने माझी फाइल तपासली आणि विचारले, “‘पऱ्हे’ सगळीकडे तुटला आहे का?” मी नीट पाहिले. नाही! काही ठिकाणी तुटला होता, काही ठिकाणी नीट होता. शाईने दुरुस्त करताना रागाच्या भरात हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. कारण असे निघाले, की युनिकोडमध्ये हा अर्धा ‘ऱ’ लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते निरनिराळे. मी निम्मे शब्द कक्षात टाइप केले होते आणि निम्मे घरी मोबाइलवर. दोन कळफलक, दोन रीती. नव्याने आलेल्या फाँटाला त्यांतली एकच ठाऊक होती. म्हणजे मैत्रिणीने ‘होय’ दाबण्याच्या कितीतरी आधी माझ्याच फाइलीत ‘पऱ्हे’ हा एक शब्द दोन शब्द होऊन बसला होता. फाइलीत ‘पऱ्हे’ शोधला तर निम्मेच सापडत होते!

गिक्सने हे दुरुस्त केले नसते. आत जे घातले तेच बाहेर, इतकेच त्याचे वचन. आतच दुजाभाव असेल तर तो बाहेरही इमानाने येणार. मी बसून सर्व ‘ऱ्ह’ एकाच रीतीने लिहिले. मग एक मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट घेतला. असे फाँट आहेत आणि त्यांतल्या ‘लोहित’ या कुटुंबावर पुण्यातल्या अभियंत्यांनी काम केले आहे, हे कळल्यावर मला फार बरे वाटले. फाँट आणला, पण दिसेना. फाँटांची यादी नव्याने करण्याची आज्ञा दिली तेव्हा दिसला. शेवटी पडद्यावर ‘पऱ्हे’ उमटला, कोरीसकट. त्या दिवशीची सगळी मांडणी मी दोन छोट्या फाइलींत लिहून शब्दसंग्रहाच्या शेजारी ठेवून दिली. एकीत कार्यक्रमांची नावे, दुसरीत पाककृती-संग्रहाची खूण.

सर्व गुणच आहेत असे मात्र नाही. कोठार फार जागा खाते. कधीमधी झाडलोट करून, कोणत्याही यादीत नसलेल्या वस्तू काढाव्या लागतात. त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. मात्र जुन्या पिढ्या काढून टाकल्या की मागे परतण्याची वाटही बंद होते. तयार वस्तू गिक्सच्या सर्व्हरवरून उतरवता येतात, पण माझ्या मोबाइलचा दिवसाचा डेटा दोन तासांत संपत असे. आणि तयार वस्तू मिळाली नाही तर यंत्र स्वतः बांधत बसते, लॅपटॉप तव्यासारखा तापतो. शिवाय पायातल्या एखाद्या साहाय्यकात दोष निघाला तर त्यावर उभ्या असलेल्या सर्वांच्याच खुणा बदलणार, सर्व नव्याने बांधावे लागणार! यावर गिक्सने कलमाची युक्ती काढली आहे. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, अख्खे झाड बियांपासून वाढवीत नाहीत. तसा दुरुस्त साहाय्यक जुन्या बांधणीला जोडून देतात. आणि हो, सगळा कारभार इंग्रजी आज्ञा टाइप करून चालतो. पहिले आठ दिवस मी रडकुंडीला आले होते.

एक प्रश्न मात्र मला सारखा छळत होता. कार्यक्रम बांधायला कंपायलर लागतो. कंपायलर हाही कार्यक्रमच. मग तो कोणी बांधला? आधीच्या कंपायलरने. आणि तो? आईला मी एकदा लहानपणी असेच विचारले होते. दह्याला विरजण कालच्या दह्याचे, कालच्याला परवाचे, मग पहिले दही कुठून आले? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हीच भीती दाखवली होती: विरजणातच खोट असेल तर ती पुढच्या प्रत्येक दह्यात उतरेल आणि मूळ लिखाण कितीही वाचले तरी दिसणार नाही. गिक्सच्या मंडळींनी २०२३ मध्ये जाहीर केले, की त्यांच्या पॅकेजांची साखळी आता केवळ ३५७ बाइटांच्या बीजापासून पायरीपायरीने वर येते. बांधणी चालवणारा कार्यक्रम वेगळा लागतो, हे खरे. पण विरजण म्हणून पूर्वी जे मोठमोठे तयार कार्यक्रम घ्यावे लागत, त्यांची जागा माणसाला बसून वाचता येईल इतक्या इवल्या बीजाने घेतली. मूळ लिखाण सर्वांना खुले आहे म्हणूनच हे शक्य झाले. मूठभर पऱ्ह्यांवरून अख्खी बांधी हिरवी होते, त्यातलाच प्रकार!

असो. सुटी संपली, दादा लॅपटॉप घेऊन परत गेला. जाताना म्हणाला, “गिक्समध्ये एकाच यंत्रावर दोघींच्या दोन याद्या राहू शकतात. यंत्राच्या मालकाचा पासवर्डही लागत नाही. तुझी यादी तुझ्यापाशी, तिची तिच्यापाशी. दोघींना एकच वस्तू लागली तर कोठारात ती एकदाच राहते.” तो यंत्राबद्दल बोलत होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एस.टी.तले दोन बाक आले.

आम्ही माणसांनी व्यवस्था अशी मांडली, की एकीने पुढे पाऊल टाकले की दुसरीच्या पायाखालची जमीन सरकावी. आणि मग जमीन सरकली म्हणून भांडलो ते एकमेकींशी! तिने एक ‘होय’ दाबला होता. मी तर दोन रीतींनी लिहिले होते, काहीच नोंदवून ठेवले नव्हते, आणि वर चारचौघांत तिला बोलले होते. संगणकाची यादी एका आज्ञेत मागे नेता येते. तोंडातून गेलेल्या शब्दाला तशी आज्ञा नाही. तो कंसात टाकता येतो, फार तर.

कॉलेज उघडले त्या दिवशी मी थांब्यावर लवकर जाऊन उभी राहिले. ती आली. मी म्हणाले, “‘पऱ्हे’ माझ्यामुळेच तुटला होता. निम्मे मी मोबाइलवर टाइप केले होते.” तिने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मलाही ती यादी वाचायला पाहिजे होती. इंग्रजी होती म्हणून वाचली नाही.” एस.टी. आली. आम्ही एका बाकावर बसलो. पहिल्यासारखे सगळे झाले असे मी म्हणणार नाही; ही नवी पिढी आहे, जुनी तिच्यामागे तशीच आहे. पण आता शब्दसंग्रहात तिच्या आजीचे ६८ शब्द आले आहेत आणि ते सगळे तिने एकाच रीतीने टाइप केले आहेत.

परवा मी आजीला नवी छापील प्रत दाखवली. तिने ‘पऱ्हे’ या शब्दावर बोट ठेवायला मला सांगितले आणि मग स्वतःचे बोट तिथे ठेवले. म्हणाली, “इतकाच का दिसते माहा पऱ्हा?”

मी म्हणाले, “हो आजी, इतकाच. पण आता जिथे उघडशील तिथे असाच दिसेल, अशी नोंद करून ठेवली आहे.”

– बी. ए. द्वितीय वर्ष